वायफायचे कुलूप: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

२६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका सुरू होण्यापूर्वी अवघी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत जो धमकीचा ई-मेल येऊन थडकला, त्याचा माग काढीत तपासयंत्रणा ज्या दारापाशी येऊन उभी राहिली, ते कोणा कुख्यात गुन्हेगाराच्या अड्ड्याचे दार नव्हते. ठाणे जिल्ह्यातील सानपाडा येथे, म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली असता सुमारे अर्ध्या तासात गाठता येईल अशा वस्तीत, राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या बिऱ्हाडाचे ते दार होते. त्या गृहस्थाची कसून चौकशी झाली, त्याचे संगणक जप्त झाले, देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे नाव छापले. आणि अखेर निष्पन्न झाले ते इतकेच, की त्याच्या घरातील वायफायचा बंदोबस्त पुरेसा नसल्यामुळे बाहेरच्या कोणीतरी त्यात शिरून तो मजकूर रवाना केला होता. महिनाभरातच, २३ ऑगस्टला, तसाच दुसरा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीतील स्फोटांच्या वेळी तिसरा चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणचे मालक त्या कृत्याविषयी सर्वस्वी अनभिज्ञ, आणि तिघांच्याही दारात पोलीस!

पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात फिरून उघडी वायफाय जाळी हुडकण्याची मोहीम काढली, आणि फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची वायरलेस जोडणी सुरक्षित करून घेण्याविषयी हुकूम काढला. हे सारे आपल्या उंबरठ्याशी घडले असूनही ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत कोणत्याही सुविद्य घरात राउटरचा विषय काढला, तर ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न आजही ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या मुद्रेवर काहीसे नम्र समाधानही असते. सर्व गैरसमजांचे मूळ ह्या प्रश्नात आहे. राउटरचे कुलूप आपल्या चिजा राखण्यासाठी असते ही कल्पना अर्धीच खरी. ते प्रामुख्याने आपले नाव राखण्यासाठी असते, कारण आपल्या जोडणीवरून जे काही बाहेर जाते ते कागदोपत्री आपणच केलेले ठरते.

असे का व्हावे, हे समजण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. घरातील दोन मोबाइल, मुलाचा लॅपटॉप, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा ह्या प्रत्येकाला राउटर घरापुरता एकेक अंतर्गत क्रमांक देतो. परंतु बाहेरच्या जगाला त्यांपैकी एकही दिसत नाही, दिसतो तो राउटरचा एकच सार्वजनिक पत्ता. डोंबिवलीच्या जुन्या चाळीत साऱ्या बिऱ्हाडांची पत्रे जिन्याखालच्या एकाच पेटीत पडावीत, तशातलाच हा प्रकार आहे. अलीकडे तर पत्त्यांचा तुटवडा असल्याने कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. मात्र त्यावरून ‘मग आपण सापडणारच नाही’ किंवा ‘मग संशय आपल्यावर येणारच नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की कोणत्या क्षणी कोणत्या ग्राहकाला तो पत्ता वापरण्यास दिला होता ह्याची नोंद कंपनीच्या दप्तरी ठेवलेली असते. ती नोंद जोडणी ज्याच्या नावे आहे त्याच्यापर्यंत येऊन संपते. त्याच्यापुढे, म्हणजे त्याच्या घरात कोण शिरले होते, ह्याविषयी ती मूक असते.

आता आपल्या भागात हे कुलूप बसविले कसे जाते ते पाहावे. पूर्वी ज्या केबलवाल्याकडून दूरदर्शनेतर वाहिन्या घेतल्या जात, तोच किंवा त्याचा पुतण्या आता इंटरनेटही देतो. गच्चीवरून आलेली काळी तार गॅलरीच्या ग्रिलमधून आत घेतली जाते, टीव्हीच्या मागे पांढरा डबा टांगला जातो, आणि पाठीवर सॅक अडकविलेला तरुण मोबाइलवर बोटे फिरवीत म्हणतो, “काकू, पासवर्ड तुमचा मोबाइल नंबरच टाकलाय, म्हणजे विसरायला नको.” जाळ्याचे नाव तो आडनाव आणि सदनिकेचा क्रमांक जोडून ठेवतो. काकू त्याला चहा देतात. ह्या सौजन्यपूर्ण प्रसंगात सर्वांचीच सोय झालेली असते. परक्याची सर्वांत अधिक.

दहा अंकी क्रमांक ओळखणे म्हणजे डोंगर उपसणे, असा समज येथे आड येतो. प्रथमतः तो क्रमांक सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात, दूधवाल्याच्या वहीत आणि कुरिअरच्या प्रत्येक खोक्यावर लिहिलेला असतो. ज्या माणसाला तो ठाऊक आहे त्याला ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. पण संपूर्ण अनोळखी माणूस धरला तरी हिशेब फारसा दिलासा देणारा नाही. आपल्याकडील मोबाइल क्रमांक सहा ते नऊ ह्यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे एकंदर शक्यता चारशे कोटी. आणि खेळांसाठी मिळणारे उच्च प्रतीचे ग्राफिक कार्ड वायफायचे पासवर्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख ह्या वेगाने पडताळून पाहते. चारशे कोटींना ह्या वेगाने भागले असता उत्तर अर्ध्या तासाच्या आसपास येते.

येथे वाचक विचारील, की एटीएमचा आकडा तीनदा चुकला तर कार्ड बंद होते, मग राउटर कोट्यवधी चुका निमूटपणे सोसतो कसा? वस्तुस्थिती अशी, की त्या चुका राउटरला कळतच नाहीत. एखादा मोबाइल जाळ्याशी जोडला जाताना राउटर आणि मोबाइल ह्यांच्यात जी चार टप्प्यांची सांकेतिक देवाणघेवाण होते, ती हवेतूनच होत असल्याने खालच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही टिपता येते. तिच्यात पासवर्ड उघड नसतो, परंतु कोणताही तर्क बरोबर की चूक हे पडताळण्यापुरता पुरावा असतो. तो पुरावा घेऊन तो मनुष्य आपल्या घरी जातो आणि पडताळणी सावकाश आपल्या यंत्रावर करतो. २०२१ मध्ये इस्राएलमधील एका सुरक्षा-संशोधकाने तेल अवीव शहरात हिंडून अशा पाच हजार जाळ्यांचे पुरावे गोळा केले, आणि त्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांचे पासवर्ड शोधून दाखविले. त्याचे मुख्य कारण असे, की तेथील लोकांनाही पासवर्डाच्या जागी मोबाइल क्रमांक ठेवण्याची आपल्यासारखीच सवय होती. हा प्रयोग त्याने डोंबिवलीच्या फडके रोडवर केला असता तर निकाल पुष्कळ वेगळा लागला असता, असे मानण्यास मला तरी आधार सापडत नाही.

उपाय कठीण नाही. पासवर्ड कमीतकमी आठ अक्षरांचा लागतो हे सर्वांना ठाऊक असते. तो त्रेसष्ट अक्षरांपर्यंत लांबविण्याची मुभा आहे हे फारच थोड्यांना. तेव्हा एखाद्या शब्दात मधेच अंक आणि चिन्हे पेरून तो स्वतःलाच आठवू नये असा करण्यापेक्षा, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. ते म्हण, अभंग किंवा गाण्याचे धृपद मात्र नसावे, कारण जे सर्वांना पाठ आहे ते कोणालाही सुचते. नावाचेही असेच. पासवर्डापासून प्रत्यक्ष किल्ली घडविताना जाळ्याचे नाव तिच्यात मिसळले जाते, आणि जगात सर्वाधिक प्रचलित अशा हजार नावांसाठी किल्ल्यांची कोष्टके कोणीतरी आगाऊ तयार करून ठेविली आहेत. म्हणून कंपनीने छापलेले सामान्य नाव तसेच ठेवू नये, आणि त्या जागी सदनिकेचा क्रमांक लिहून आपला पत्ताही जाहीर करू नये.

दुसरा गैरसमज असा, की पासवर्ड बदलला म्हणजे राउटर सुरक्षित झाला. वास्तविक राउटरला दोन पासवर्ड असतात: एक जाळ्यात येण्याचा, आणि दुसरा खुद्द राउटरच्या कारभारात हात घालण्याचा. १९२.१६८.१.१ किंवा डब्याच्या तळाशी असलेल्या चिठ्ठीवर छापलेला तत्सम आकडा ब्राउझरमध्ये लिहिला की जे पान उघडते, त्याच्यावर हा दुसरा पासवर्ड विचारला जातो. आणि कित्येक घरांत तो कारखान्यातून आला तसा, म्हणजे नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, असाच वर्षानुवर्षे राहतो. ह्याचे फळ काय मिळते ते २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या दुष्ट आज्ञावलीने जगाला दाखविले. कारखानदारांनी ठेवलेल्या साठ-एक नाव-पासवर्डांच्या जोड्या पाठ करून तिने लाखो कॅमेरे आणि राउटर आपल्या चाकरीला लावले. पाठोपाठ जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच एका हल्ल्यात निकामी झाले. मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले होते, आणि तो तत्काळ बदलावा असे आवाहन कंपनीला करावे लागले. ‘आमच्यासारख्या सामान्य माणसावर कोण नजर ठेवणार?’ हा प्रश्न येथे अप्रस्तुत ठरतो. कोणी नजर ठेवलेली नव्हती. यंत्र दारोदार फिरत होते आणि जे उघडे सापडले त्यात शिरत होते.

म्हणून त्या पानावर गेल्यावर प्रथम हा दुसरा पासवर्ड बदलावा, आणि मग बाहेरून राउटर चालविण्याची जी सोय, ‘रिमोट मॅनेजमेंट’ ह्या नावाने, कोठेतरी असते ती बंद आहे की नाही ह्याची खातरजमा करावी. केबलवाला म्हणेल की दुरुस्तीसाठी आम्हाला ती लागते. अशा वेळी त्याच्याशी वाद न घालता ‘दुरुस्तीच्या दिवशी सुरू करून देऊ’ असे सांगणे श्रेयस्कर.

तिसरा समज मोठा आकर्षक आहे, कारण त्यात युक्तीचा आनंद आहे: जाळ्याचे नाव लपविले की जाळेच अदृश्य होते! प्रत्यक्षात राउटर नाव उच्चारावयाचे थांबला तरी घरातले मोबाइल ते नाव घेऊन त्याला हाका मारू लागतात, आणि त्या केवळ घरात नव्हे, तर ठाण्याच्या फलाटावर व रिक्षाच्या रांगेतही मारीत राहतात. म्हणजे जे एका इमारतीपुरते गुप्त ठेवावयाचे होते, ते गावभर जाहीर होते. ठरावीक यंत्रांनाच प्रवेश देणारी ‘मॅक’ क्रमांकांची यादी हाही तसाच एक पोकळ बंदोबस्त होय. हे क्रमांक हवेतून उघडपणे जातात, कोणालाही ते धारण करता येतात, आणि अँड्रॉइड व आयफोन हे दोघेही २०१९-२० पासून प्रत्येक जाळ्यासाठी निराळा बनावट क्रमांक वापरू लागल्यामुळे ह्या यादीचा जाच चोराला न होता घरच्याच माणसांना होतो.

कुलपाच्या जातीविषयी थोडक्यात. १९९७ साली आलेली ‘डब्ल्यूईपी’ ही पद्धत २००१ मध्येच भेदली गेली; तिच्या जागी २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती तजवीज, २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ आली. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ असल्यास ती निवडावी, कारण वर सांगितलेली घरी नेऊन सावकाश पडताळण्याची सोय ती काढून घेते. प्रत्येक तर्कासाठी राउटरशीच नव्याने बोलावे लागते. घरात जुना टीव्ही किंवा प्रिंटर असेल आणि तो रुसला, तर ‘डब्ल्यूपीए-२’ व ‘डब्ल्यूपीए-३’ मिश्र ठेवावी. मात्र ‘डब्ल्यूपीएस’ नावाची जी बटण दाबून जोडण्याची सोय आहे, तिच्या आठ अंकी आकड्यावर भिस्त ठेवू नये. दहा कोटी शक्यतांचा तो आकडा राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत तो हमखास सापडतो, हे २०११ च्या डिसेंबरातच उघड झाले आहे. इतकी वर्षे लोटूनही ती सोय डब्यांवर झळकत असते, ह्याला कारखानदारांची चिकाटी म्हणावे की बेपर्वाई, हे ज्याने त्याने ठरवावे.

नेट मंदावले की शेजाऱ्यावर संशय घेण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हिच्यापायी सोसायट्यांच्या सभांत निष्कारण वितुष्ट आलेले पाहण्यात आहे. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या तीस मजली इमारतीत मध्यावरच्या घरी उभे राहून मोबाइलवर जाळ्यांची यादी उघडावी. वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरांची जाळी धरून ती बोटाने दोन-तीनदा सरकवावी लागते. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना खुला केला, ही मोठी सोय झाली. पण ज्या मोकळ्या कुरणावर कोणाचीही मालकी नाही तेथे सर्वांचीच गुरे येतात. ह्या पट्ट्यात तेरा मार्ग असले तरी ते एकमेकांवर इतके चढलेले आहेत, की परस्परांना न अडविणारे असे तीनच, पहिला, सहावा आणि अकरावा, हाती उरतात. आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही नेमका ह्याच पट्ट्यात गुरगुरतो. तेव्हा तुमची चित्रफीत अडखळते ती बहुधा शेजाऱ्याने तुमचे नेट चोरल्यामुळे नव्हे, तर त्याने स्वतःचे, पूर्ण पैसे भरून घेतलेले नेट तुमच्याच मार्गावर लावल्यामुळे.

अशा वेळी काहीजण ‘जास्त वेगासाठी’ मार्गाची रुंदी वीसऐवजी चाळीस मेगाहर्ट्झ करतात. गर्दीत दोन खुर्च्या अडवून बसणाऱ्याला जे फळ मिळते तेच येथे मिळते, म्हणून २.४ मध्ये रुंदी वीसच ठेवावी आणि पहिला, सहावा, अकरावा ह्यांपैकी जो कमी गजबजलेला असेल तो निवडावा. त्याहून बरे म्हणजे पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने तो पुष्कळ रुंद करून दिल्याने तेथे जागा ऐसपैस आहे. मात्र ह्या लहरी भिंतींत लवकर थकतात, आणि काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडच्या शयनगृहात त्या पोहोचत नाहीत. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागातील जुन्या दुमजली बंगल्यात तर खालचा डबा वरच्या खोलीला उपयोगी पडत नाही. ह्या दोषाचे कारण वेग नसून स्थान आहे. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला किंवा फिशटँकजवळ ठेवणे म्हणजे अडथळे विकत घेणे होय. तार थोडी लांबवून तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर लावला, तर महिन्याची योजना न वाढविताही बराच फरक पडतो.

शेजारी खरोखरच आत आहे की काय ह्याची शंका फिटत नसेल, तर राउटरच्या त्याच पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती वाचताना अनोळखी नाव दिसताच घाबरून जाऊ नये. ते बहुधा आपल्याच घरातील विजेच्या प्लगचे किंवा गिझरचे असते. एकेक यंत्र बंद करून यादीतून काय नाहीसे होते ते पाहावे. पाहुणे, शिकवणीची मुले, कामाला येणारा सुतार ह्यांना पासवर्ड नाकारणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, आणि नाकारण्याचे कारणही नाही. ‘गेस्ट नेटवर्क’ नावाचे स्वतंत्र दालन बहुतेक राउटरांत असते, ते उघडून द्यावे आणि दारावरचा कॅमेराही तेथेच बसवावा, म्हणजे घरच्या संगणकापर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही. परंतु बाहेरच्या जगाला गेस्ट नेटवर्कचाही पत्ता तुमचाच दिसतो, हे विसरू नये. तेव्हा त्याचाही पासवर्ड ठेवावा, आणि तो दिवाळीनंतर बदलावा.

ठाणे, कल्याण यांसारख्या रेल्वेस्थानकांवरील मोफत वायफायविषयी उलट्या दिशेचा गैरसमज आहे. ते जोडण्यापूर्वी मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून ते सुरक्षित, असे लोक समजतात. ओटीपीने तुमची ओळख नोंदली जाते, हवेतला मजकूर त्याने सांकेतिक होत नाही. बँकांची व पत्रव्यवहाराची संकेतस्थळे हल्ली स्वतःच मजकूर गुंडाळून पाठवितात, त्यामुळे पूर्वीइतके भय उरलेले नाही. धोका आहे तो त्याच नावाचे दुसरे जाळे कोणी फलाटावर उघडून बसण्याचा, कारण मोबाइल केवळ नावावर विश्वास ठेवून आपण होऊन त्याला जाऊन मिळतो. गाडी सुटली की ते नाव मोबाइलच्या स्मरणातून काढून टाकावे.

शेवटी एक बाब, जी कोणीच विचारात घेत नाही. आपल्या भागात इमारती पुनर्विकासाला जात आहेत, कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत हलत आहेत, आणि सामानाच्या घाईत राउटर भिंतीवरच राहतो किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. त्या डब्यात जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि कित्येकदा कंपनीकडील खात्याचे नाव-पासवर्डही साठविलेले असतात. मागच्या बाजूला सुईएवढे जे छिद्र असते त्यात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद, सारे दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत, दाबून धरली की ते पुसले जातात. जोडणी मात्र पुसली जात नाही. ती बंद केल्याचा अर्ज कंपनीला द्यावा लागतो, आणि त्या अर्जाची तारखेसह पोच मागून घ्यावी लागते. केबलवाला ‘काका, फोनवर सांगितलंत ना, झालं बंद’ असे म्हणेल. तरीही पोच घ्यावी, आणि नव्या जागेचा भाडेकरार ज्या पिशवीत आहे तिच्यातच ती ठेवावी.